वाणीचे औदार्य, भूमीचे कार्पण्य

१

एखाद्या कवितेविषयी 'ती या मातीतली आहे' असे मराठी समीक्षेत म्हटले जाते, तेव्हा ते वर्णन असते की मूल्यनिर्णय, हे बहुधा स्पष्ट केले जात नाही. संतकवितेच्या बाबतीत तर ही संदिग्धता परंपरेनेच मान्य करून टाकली आहे. ज्ञानदेव, नामदेव, जनाबाई, चोखामेळा, एकनाथ, तुकाराम यांची कविता मराठी प्रदेशाच्या शेतातून, जात्याभोवतीच्या पहाटेतून, बाजारपेठेतून आणि नदीच्या वाळवंटातून उगवली, हे विधान आता इतके सर्वमान्य झाले आहे की त्यातून पुढे काय निष्पन्न होते याचा विचार करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. मुळे खोल आहेत म्हणून कविता अस्सल, आणि अस्सल आहे म्हणून श्रेष्ठ, अशी ही सोपी उपपत्ती आहे.

या उपपत्तीत एक अडचण आहे आणि ती केवळ वाङ्मयीन नाही. ज्या भूमीने या कवितेला तिच्या प्रतिमा पुरवल्या, त्याच भूमीने आपल्या वस्तीभोवती गावकूस घातले आणि त्या कुसाबाहेर काही माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठेवले. मोट, जाते, पाणवठा, देऊळ आणि महारवाडा ही एकाच गावरचनेची अंगे होत. त्यांतील पहिली चार कवितेच्या मुळांत मोजायची आणि पाचवे मात्र इतिहासाच्या खात्यावर टाकायचे, हा हिशेब प्रामाणिक ठरत नाही. म्हणून प्रश्न असा उभा राहतो : आपल्या प्रदेशाचे देणे घेताना जी कविता त्या प्रदेशाचा अन्यायही पदरात घेते, तिच्या प्रादेशिकतेला नैतिक मूल्य म्हणावे काय? आणि म्हणायचे असेल तर ते मूल्य नेमके कशात आहे?

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत भालचंद्र नेमाडे यांनी देशीयतेची संकल्पना आग्रहाने मांडली. त्यांच्या 'टीकास्वयंवर' या ग्रंथाला १९९१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतर काही वर्षे मराठी नियतकालिकांतील वाद या एका शब्दाभोवती फिरत राहिले. साहित्यकृती आपल्या भूमीशी, भाषेशी आणि परंपरेशी जितकी निगडित तितकी ती जिवंत, ही त्या भूमिकेची मध्यवर्ती धारणा. वसाहतकाळात उसन्या घेतलेल्या मापांनी स्वतःला मोजणाऱ्या साहित्यव्यवहाराला ही धारणा आवश्यकच होती. तिच्या विरोधकांनी उलट प्रश्न केला की परंपरेत जातिव्यवस्था येत नाही काय. हा प्रश्नही तितकाच आवश्यक होता. परंतु समर्थक आणि विरोधक या दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली. प्रदेश ही जन्मासारखी आपोआप मिळणारी वस्तू आहे, तिचा स्वीकार करावा किंवा तिच्यापासून सुटका करून घ्यावी, एवढेच काय ते माणसाच्या हाती, असे ते गृहीत होते. मराठी भक्तिपरंपरेच्या आरंभीच्या ग्रंथांकडे पाहिले की हे गृहीत टिकत नाही. तिथे प्रदेश जाणीवपूर्वक निवडलेला दिसतो, आणि त्या निवडीमागे सांगितलेले कारण नैतिक आहे.

२

महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर हे परंपरेनुसार गुजरातेतील भडोचचे. मराठी ही त्यांची जन्मभाषा नव्हती. तरीही त्यांनी आपले निरूपण मराठीत केले आणि अनुयायांना महाराष्ट्रातच राहण्याचा उपदेश केला. त्यांच्या पश्चात पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. केशिराजबासांसारखा संस्कृतज्ञ शिष्य त्यांच्याजवळ होता. 'स्मृतिस्थळा'त येणारा प्रसंग प्रसिद्ध आहे. धर्मचर्चा आणि ग्रंथरचना संस्कृतात करण्याच्या कल्पनेला नागदेवाचार्यांनी नकार दिला. त्यांनी दिलेले कारण असे की त्यामुळे पंथातल्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील. मराठी अधिक गोड आहे किंवा ती आपली आहे, हे कारण त्यांनी दिलेले नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे विशिष्ट श्रोते होते. ज्यांना शास्त्राच्या भाषेत प्रवेश नव्हता अशा त्या श्रोत्यांपासून ज्ञान हिरावले जाऊ नये, एवढीच त्यांची चिंता होती.

या प्रसंगाकडे भाषाभिमानाचा पुरावा म्हणून पाहण्याची सवय मराठी वाचकाला लागली आहे. वस्तुतः त्यात अभिमानाचा लवलेश नाही. भाषेची निवड हा तिथे दायित्वाचा प्रश्न आहे. बोलणाऱ्याला काय शोभते यापेक्षा ऐकणाऱ्याला काय पोचते, यावर ती ठरते. महदंबेच्या 'धवळ्यां'सारखी रचना त्याच पंथात जन्मली आणि एका स्त्रीकडून मराठी काव्याचा आरंभकाळ उजळला. श्रोत्याविषयीच्या त्या निर्णयातच या घटनेची शक्यता साठलेली होती.

शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे ज्ञानदेवांनी गीतेवरील भाष्य सांगितले. सातशे श्लोकांसाठी नऊ हजार ओव्या वेचणारा हा ग्रंथ आपल्या अस्तित्वाचे समर्थन अठराव्या अध्यायात ज्या रीतीने करतो, तिच्याकडे येथे लक्ष द्यावयास हवे. वेद संपन्न आहे, पण त्याच्यासारखा कृपण दुसरा नाही, असा आरोप ज्ञानदेव तिथे करतात. तो केवळ तीन वर्णांच्याच कानी लागला. स्त्रिया, शूद्र आणि इतर संसारव्यथित जीव यांना त्याने बाहेर ठेवले. हे उणे आपल्याकडे उरू नये म्हणून वेदानेच गीतेचे रूप घेतले, असा तो युक्तिवाद आहे. धर्मग्रंथावर कृपणतेचा ठपका ठेवण्याचे हे धाडस साधे नाही. सत्य असत्यामुळे जसे बाधित होते तसे ते चिक्कूपणामुळेही बाधित होते, ही त्यामागची जाण आहे. जे ज्ञान पोचवता आले असते पण पोचवले गेले नाही, त्याला लांच्छन लागते. मराठी ओवी ही या लांच्छनाची भरपाई म्हणून पुढे येते.

म्हणजे मराठी भक्तिकवितेच्या मुळाशी एक निकष आहे, आणि तो तिने स्वतःच घालून घेतला आहे. वाणी किती खोल मुळांची आहे हा तो निकष नव्हे. वाणी किती उदार आहे, ती कोणाला बाहेर ठेवते, हे तो विचारतो. प्रदेशाची निवड या निकषातून झाली, कारण त्या काळी प्रदेशाची भाषाच सर्वाधिक माणसांपर्यंत जाऊ शकत होती. संस्कृत अखिल भारतात समजली जाई, पण कोणत्याही एका गावात ती मूठभरांनाच समजे. जे सार्वत्रिक म्हणून मिरवत होते ते प्रत्यक्षात अरुंद होते, आणि जे प्रादेशिक म्हणून हिणवले जात होते ते प्रत्यक्षात व्यापक होते. ही उलथापालथ ध्यानात घेतली की देशीयतेच्या वादातील विश्वात्मक विरुद्ध स्थानिक ही जोडी बरीच निरुपयोगी ठरते.

३

प्रदेश निवडलेला होता, आणि ज्याला तो निवडायचा होता तोही एकजिनसी नव्हता. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात विठ्ठलाचा माग दक्षिणेतील गवळी-धनगरांच्या लोकदैवतापर्यंत नेला. मराठी अभंगांनीच विठ्ठलाला 'कानडा' म्हटले होते. त्या शब्दाला रूपकात विरघळवून टाकण्याची प्रथा ढेरे यांनी मागे सारली. भीमेच्या काठचा हा देव कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या भक्तांचा आहे. पुरंदरदासादी हरिदासांची कन्नड पदे त्याच्याच नावाने गायली जातात. पंढरपूरच्या मंदिरातील 'चौऱ्यांशीचा लेख' शके ११९५ ते ११९९ या काळातील देणग्यांची नोंद करतो. तेथे देणगी देणाऱ्यांचे हात अनेक थरांतले आहेत आणि त्यांत यादव राजा रामचंद्राच्या राजवटीचे वजनही आहे. पशुपालकांचा देव, सीमेवरचा देव, राजाश्रय लाभलेला देव आणि नंतर वैष्णव झालेला देव, असे अनेक थर या एका मूर्तीच्या पायाशी आहेत. मुळांचा शोध घेत खाली जावे तर हाती अशी संमिश्र माती लागते.

नामदेवांनी तर हे मूळच चालते केले. शिंपी कुळातला हा कीर्तनकार पंजाबात घुमानपर्यंत गेला, आणि त्याची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. पंढरपूरशी इतकी घट्ट बांधलेली वाणी दुसऱ्या प्रदेशात, दुसऱ्या भाषेत आणि पुढे दुसऱ्या धर्माच्या पवित्र ग्रंथात आपले स्थान मिळवते. श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' लिहितात आणि वारकरी परंपरा त्यांना आपल्या संतमालिकेत बसवते. या दोन्ही उदाहरणांतून स्थानिकता आणि संकुचितता एक नव्हेत, एवढे निश्चित होते. एखाद्या ठिकाणी पाय रोवून उभे राहणे आणि त्या ठिकाणाभोवती कुंपण घालणे या दोन क्रिया भिन्न आहेत. संतकवितेने पहिली क्रिया केली. दुसरी गावाने केली.

इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वाटेवरील आपल्या अनुभवाचे जे लेखन केले, त्यात महाराष्ट्राची एक नवी व्याख्या आली. ज्या भूमीतले लोक पंढरपूरला जातात ती भूमी म्हणजे महाराष्ट्र, असा तिचा आशय. ही व्याख्या समीक्षकांनी वारंवार उद्धृत केली, आणि तिचे आकर्षण समजण्यासारखे आहे. प्रदेश पावलांनी घडतो, राजांच्या सरहद्दींनी नव्हे, असे ती सांगते. परंतु त्याच लेखनात कर्वे यांनी नोंदवलेली अस्वस्थता मात्र क्वचितच कोणी उद्धृत करतो. एकाच वारीत ब्राह्मणांचे जेवण वेगळे आणि मराठ्यांचे वेगळे, एकाच नामघोषात चालणाऱ्या माणसांच्या पंक्ती संध्याकाळी फुटतात, हे त्यांना सोसवले नाही. व्याख्या आणि व्यथा एकाच लेखणीतून उतरल्या आहेत. व्याख्या उचलून व्यथा तिथेच ठेवून देणे, ही संतकवितेविषयीच्या मराठी अभिमानाची जुनी रीत आहे.

४

वाणी आणि भूमी यांच्यातील ताण ज्या एका जीवनात पूर्णपणे उघड झाला, ते चोखामेळ्याचे. मंगळवेढे आणि पंढरपूर यांत अंतर फार नाही. मंगळवेढ्याचा हा महार नामदेवांच्या मंडळात आला आणि अभंग रचू लागला. त्याची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा हे सारे कवी झाले. एका अस्पृश्य कुटुंबातील पाच माणसांच्या नावावर चौदाव्या शतकातील काव्य असावे, ही घटना त्या वाणीच्या औदार्याचा निर्विवाद पुरावा आहे. संस्कृतच्या चौकटीत असे घडणे कल्पनेतही शक्य नव्हते. जनाबाईच्या नावावरील एका अभंगात कोणत्या संताची कविता कोणी लिहून घेतली याची यादी येते. तीत चोख्याचा लेखक म्हणून अनंतभट्ट या ब्राह्मणाचे नाव आहे. ही परंपरा खरी मानली तर महाराचा शब्द ब्राह्मणाच्या बोरूने टिपला, असे दृश्य डोळ्यांपुढे येते. भाषेच्या प्रांतात उतरंड क्षणभर उलटी झाली.

परंतु हा कवी देवळात जाऊ शकला नाही. महाद्वाराबाहेर उभे राहणे एवढेच त्याच्या वाट्याला आले. त्याच्याविषयीच्या आख्यायिका याच उंबरठ्याभोवती घोटाळतात. देवाने स्वतः बाहेर येऊन त्याला भेट दिली, आपल्या गळ्यातील हार त्याच्या गळ्यात घातला, त्यावरून त्याच्यावर चोरीचा आळ आला आणि त्याला शिक्षा झाली, अशा त्या कथा आहेत. या कथांचे नैतिक तर्कशास्त्र तपासण्याजोगे आहे. देव बाहेर येतो; भक्त आत जात नाही. देवाच्या पक्षपाताने भक्ताची थोरवी सिद्ध होते आणि उंबरठा मात्र जागच्या जागी राहतो. चमत्कार येथे व्यवस्थेला धक्का देत नाही. तो व्यवस्थेच्या क्रौर्याची भरपाई करतो आणि त्यामुळेच ते क्रौर्य सुसह्य होते.

त्याच्या मृत्यूची हकीकत तर कोणत्याही रूपकाला मागे टाकील. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली चोखा दडपला गेला. ज्या भिंतीने त्याला गावाबाहेर ठेवले होते तीच बांधण्याची वेठ त्याच्याकडे होती. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्याच्या अस्थी ओळखल्या, कारण त्यांतून विठ्ठलनाम ऐकू येत होते, असे परंपरा सांगते. त्या अस्थींची समाधी पंढरपूरच्या महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर बांधली गेली. मरणानंतरही त्याला जागा मिळाली ती उंबरठ्याच्या अलीकडची. कवितेने त्याला संतमंडळात घेतले होते. भूमीने त्याला पायरीपाशी थांबवले.

या स्थितीला चोख्याच्या कवितेने दिलेला प्रतिसाद एकसुरी नाही. काही अभंगांत तो आपल्या जन्माची कारणे पूर्वजन्मीच्या दोषात शोधतो आणि व्यवस्थेचे उत्तर स्वतःच्या तोंडून उच्चारतो. काही अभंगांत तो देवाशी भांडतो, विटाळाची कल्पनाच निराधार ठरवतो. सोयराबाईचा विचार अधिक नेमका आहे. विटाळ देहाचा म्हणावा तर प्रत्येक देह त्याच विटाळातून जन्माला येतो, मग शुद्ध कोण, असा तिचा बिनतोड प्रश्न आहे. आणि कर्ममेळा बापाचे स्पष्टीकरण पत्करतच नाही. आम्हांला उष्टे खाण्याच्या जन्माला का घातलेस, हा त्याचा देवाला केलेला सवाल पूर्वकर्माच्या उत्तराने मिटणारा नाही. एकाच घरात, एका पिढीच्या अंतराने, स्वीकाराचे समाधान आणि प्रश्नाची धग शेजारी शेजारी नांदताना दिसतात. मराठी भक्तिकवितेची प्रादेशिक मुळे शोधणाऱ्याने या घरापाशी थांबले पाहिजे, कारण प्रदेश म्हणजे काय याचे दोन्ही अर्थ येथे एकत्र आले आहेत. प्रदेशाने या माणसांना शब्द दिले, आणि त्याच शब्दांत त्यांनी प्रदेशाविरुद्ध गाऱ्हाणे मांडले.

जनाबाईच्या कवितेतही हीच गुंतागुंत वेगळ्या रूपात येते. गंगाखेडची ही मुलगी नामदेवांच्या घरी दासी होती. दळण, कांडण, शेण, पाणी हे तिचे विश्व, आणि विठ्ठल तिच्या अभंगांत येतो तो या कामांना हात लावण्यासाठी. मराठी प्रदेशातील स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्यांशी तिच्या कवितेचे नाते उघड आहे. परंतु या नात्याचे कौतुक करताना एक गोष्ट निसटते. जाते हे सौंदर्यचिन्ह होण्याआधी कष्टाचे साधन होते, आणि देवाने जात्याचा खुंटा धरावा ही कल्पना ज्या मनाला सुचली त्याला दुसरा कोणताही मदतनीस ठाऊक नव्हता. या कवितेतील मातीचा गंध घामापासून वेगळा करता येत नाही. तो वेगळा करणारी समीक्षा दासीची कविता घेते आणि दासीपण विसरते.

५

या विवेचनावर पहिला आक्षेप कालविपर्यासाचा येईल. चौदाव्या शतकातील माणसांना विसाव्या शतकातील समतेच्या मापाने मोजणे अनैतिहासिक आहे, असे म्हटले जाईल. आक्षेप गंभीर आहे, पण येथे तो लागू पडत नाही. कृपणतेचा निकष ज्ञानदेवांचा आहे. वंचित श्रोत्याची चिंता नागदेवाचार्यांची आहे. अन्नाचा आणि जन्माचा सवाल कर्ममेळ्याचा आहे. माप त्या परंपरेच्या घरचे आहे. वेदाने तीन वर्णांपुरते बोलावे यात जर कार्पण्य असेल, तर देवळाने तीन किंवा चार वर्णांपुरते दार उघडावे यातही ते आहे. पहिले विधान मान्य करून दुसरे टाळण्यासाठी कोणताही ऐतिहासिक आधार पुरेसा नाही. त्यासाठी केवळ सवय लागते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. संतांची समता पारमार्थिक होती आणि तिच्याकडून सामाजिक परिणामांची अपेक्षा करणे म्हणजे तिची जात बदलणे होय, असे तो म्हणतो. याला ग्रंथाधार आहे. गीतेच्या नवव्या अध्यायावरील भाष्यात ज्ञानदेव सांगतात की ओढे-नाले गंगेला मिळाले की गंगाच होतात, खैर आणि चंदन हा भेद अग्नीत पडेपर्यंतच. जातिभेद ईश्वरप्राप्तीत विरतात, असा त्याचा अर्थ. परंतु गंगेला मिळेपर्यंत ओढ्याने काय करावे? अठराव्या अध्यायात वर्णविहित कर्मांचे निरूपण येते तेव्हा हेच ज्ञानदेव परंपरागत विभागणी स्वीकारतात. समतेची जागा त्यांनी प्रवासाच्या शेवटी ठेवली आणि प्रवासाची वाट जुन्याच व्यवस्थेकडे राहू दिली. गं. बा. सरदार यांनी 'संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' (१९५०) या ग्रंथात ही मर्यादा पुरेशा सहानुभूतीने दाखवली. तत्पूर्वी न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासग्रंथात संतांच्या कार्याची तुलना युरोपातील धर्मसुधारणेशी केली होती, तर राजवाडे यांनी त्याच संतांना निष्क्रियतेचे शिक्षक ठरवले होते. तिघांचेही प्रश्न परिणामांविषयीचे आहेत : संतांमुळे समाजाचे काय झाले?

नैतिक प्रश्न मात्र परिणामांनी संपत नाही. पारमार्थिक समता ही निव्वळ पारमार्थिक राहू शकते काय, हा खरा पेच आहे. ती कवितेत उतरली की ती कानांवर पडते, आणि कानांवर पडलेली गोष्ट ऐकणाऱ्याची होते. 'देवापुढे सारे समान' हे वाक्य कीर्तनकार पारमार्थिक अर्थाने उच्चारील, पण वाळवंटात त्याच्यापुढे बसलेल्या आणि देवळात जाऊ न शकणाऱ्या माणसाला ते कोणत्या अर्थाने ऐकू येईल, यावर कीर्तनकाराचे नियंत्रण नसते. नागदेवाचार्यांनी श्रोत्याला प्रमाण मानले त्या क्षणी त्यांनी ही जोखीम पत्करली. श्रोत्यासाठी भाषा निवडायची आणि श्रोत्याला झालेला अर्थबोध नाकारायचा, हे एकत्र चालत नाही. कर्ममेळ्याचा सवाल हा त्या उदार वाणीचा गैरसमज नव्हे. तो तिचा यथार्थ अन्वय आहे, आणि परंपरेतूनच आलेला आहे.

एकनाथांच्या जोहारपर भारुडांतही हाच पेच निराळ्या बाजूने दिसतो. पैठणचा ब्राह्मण महाराच्या तोंडून बोलतो आणि पाटलापासून ब्राह्मणापर्यंत सर्वांना आत्मज्ञान सुनावतो. या भारुडांनी महाराची बोली, त्याचा जोहार, त्याची गावकीतील कामे मराठी साहित्यात आणली. तरीही बोलणारा तो महार एकनाथांचा आहे, एकनाथांपुढे उभा असलेला महार नव्हे. औदार्याचीही एक सीमा असते. दुसऱ्याचा आवाज उसना घेऊन सत्य सांगता येते, पण त्याने त्या दुसऱ्याचे मौन भरून निघत नाही.

६

पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना खुले झाले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. चोख्याच्या मृत्यूला तेव्हा सहाशे नऊ वर्षे झाली होती. या सहाशे वर्षांत त्याचे अभंग कीर्तनांतून गायले गेले, त्याची समाधी पूजिली गेली आणि त्याच्या जातीचा माणूस त्या समाधीच्या पुढे पाऊल टाकू शकला नाही. दुसऱ्याच वर्षी, १९४८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उगमाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. भक्तिमार्गाने अस्पृश्यता नाहीशी होईल यावर त्यांचा विश्वास नव्हता, तरीही अर्पणपत्रिकेत त्यांनी चोख्याचे नाव घातले. तमिळ भूमीतील नंदनार, काशीचे रविदास आणि मंगळवेढ्याचा चोखा यांना जोडणारा धागा प्रदेशाचा नाही. तीन निरनिराळ्या प्रदेशांनी तीन भाषांत आपापल्या संताला गौरवले, आणि तिन्हींनी त्यांना अस्पृश्यच ठेवले. ती अर्पणपत्रिका म्हणजे देशीयतेच्या कोणत्याही सिद्धान्ताला न टाळता येणारा प्रश्न आहे.

पुढे १९७३ च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने आणि अखेर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपुष्टात आले. उपोषण, कायदा आणि न्यायालय यांनी जे केले ते अभंगांनी केले नाही, असे यावरून कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण साने गुरुजींचे उपोषण कोणत्या नैतिक भाषेत उभे राहिले, हेही विचारले पाहिजे. ज्या वाणीने देव सर्वांचा म्हटले तिचे वचन पाळले जावे, एवढीच त्या उपोषणाची मागणी होती. त्यात नवे तत्त्व नव्हते. जुने येणे होते.

येथे प्रादेशिक मुळांचा नैतिक अर्थ स्पष्ट होऊ लागतो. मूळ म्हणजे वारसा असे समजले की त्याचा अभिमान बाळगता येतो आणि काम संपते. मूळ म्हणजे ऋण असे समजले की काम सुरू होते. मराठी भक्तिकवितेने आपल्या श्रोत्यांना जे वचन दिले त्याची बरीचशी परतफेड व्हायची आहे, आणि त्या कवितेला आपली म्हणणारा प्रत्येक वाचक त्या ऋणात सामील होतो. ज्याला 'आमचा तुकोबा' म्हणायचे आहे त्याला 'आमचे गावकूस'ही म्हणावे लागेल. संपत्ती घेऊन कर्ज नाकारण्याची मुभा व्यवहारातील वारसालाही मिळत नाही.

समीक्षेपुरते बोलायचे तर याचा एक परिणाम सरळ आहे. 'या मातीतली कविता' हा शेरा प्रमाणपत्र म्हणून वापरता येणार नाही. तो एका चौकशीचा आरंभ म्हणून वापरावा लागेल : या मातीतल्या कोणासाठी ही कविता बोलली, कोणाला तिने बाहेर ठेवले, आणि ज्याला बाहेर ठेवले त्याने तिचीच भाषा घेऊन काय विचारले? या चौकशीत संतकविता लहान ठरत नाही. स्वतःला मोजण्याचे माप स्वतःच देणाऱ्या परंपरा मोजक्याच असतात, आणि वेदाच्या कृपणतेविषयी बोलण्याचे धैर्य जिच्यात होते ती परंपरा स्वतःच्या कृपणतेविषयीचा प्रश्नही ऐकू शकते.

पंढरपूरच्या महाद्वारापाशी आजही आत जाणारा प्रत्येक माणूस आधी चोख्याच्या समाधीवरून जातो. पुष्कळजण तिथे हात जोडतात. ज्याला सहा शतके तो उंबरठा ओलांडू दिला गेला नाही, त्याच्यासमोर नमस्कार करून तो ओलांडायचा, ही या भूमीची रीत आहे. त्या नमस्कारात भक्ती किती आणि क्षमायाचना किती, याचा निवाडा ज्याचा त्याने करावयाचा आहे.